वळणावर राहिलेलं ‘नका’

गाडी वळणावरून आत गेली आणि तिचं शेवटचं ‘नका’ आमच्या गल्लीत पोचलंच नाही.

पोचलं ते एवढंच: “नागरिकांनी गाद्या, रजया, उशा उन्हात घालू…” मग गाडीवरच्या कर्ण्याचं तोंड बेकरीच्या भिंतीकडे फिरलं आणि उरलेला आवाज पलीकडच्या रस्त्याच्या वाट्याला गेला. आपल्या भाषेची खोडच आहे ही. काय करायचं ते आधी सांगते, आणि करायचं नाही हे अगदी शेवटी. तोवर ऐकणारा निम्म्या वाटेवर पोचलेला असतो.

माझ्या सासूबाई तर गच्चीवर पोचल्याही होत्या.

आदल्या दिवशी नदीपल्याडच्या अणुवीजघरात काहीतरी फुटलं होतं. काय फुटलं ते कुणी सांगत नव्हतं. धूळ येईल, एवढंच सांगत होते. कसली धूळ? दिसत नाही अशी. आता दिसत नाही ती धूळ कसली, असं गल्लीनं आम्हाला विचारलं, कारण धुळीच्या बाबतीत आमच्या घराचं मत घ्यायची पद्धत आहे. आमचं पोटच धुळीवर. खाली गाद्यांचं दुकान, दुकानाच्या मागच्या भिंतीला कापूस पिंजायचं मशीन, आणि मशीनशेजारून वर जाणाऱ्या लाकडी जिन्यानं आमच्या दोन खोल्या. लोक वर्षानुवर्षं झोपून गठ्ठे झालेल्या गाद्या आणून टाकतात, माझा नवरा त्या उसवून कापूस पिंजतो, सासूबाई दाभणानं टाके घालतात, मी खोळी शिवते. आणि आमची लेक वर पाळण्यात झोपते.

तिचं नाव पिंजू. कागदावर दुसरं आहे, पण ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती पोटात असताना रोज सकाळी नवरा मशीनचा खटका ओढायच्या आधी आईला हाक द्यायचा, “चला, पिंजू!” आणि ती आतून लाथ मारायची. तिला वाटायचं, आपल्यालाच बोलावतायत. बाहेर आली तेव्हा डोक्यावर केस असे, की नुकताच मशीनमधून निघालेला कापूस. मग दुसरं नाव शोधायचं कारणच उरलं नाही.

तर, सासूबाई गच्चीवर. गल्ली त्यांना गादीवाली आजी म्हणते. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाच्या नवरा-बायकोत मधे खड्डा आहे की उंचवटा, कुणाचा घोडा झालेला मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, सगळं त्यांना गादीवर तळवा फिरवून कळतं, आणि कुणाचं कुणाला त्या सांगत नाहीत. म्हणून गादीबद्दल त्या तोंड उघडतात तेव्हा गल्ली ऐकते. कठड्याशी उभं राहून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ऐकलंत ना? सरकार म्हणतंय, गाद्या उन्हात घालू! मी तर जन्मभर सांगतेय, उन्हासारखं औषध नाही. चला, घालू!”

“सरकार एवढं प्रेमानं कधीपासून बोलायला लागलं?” नवरा जिन्यात गादी खांद्यावर घेऊन हसला. “‘घालू’ म्हणे! दुसरं टोक धरायला येणारेय का?”

हसला, पण गादी वर नेलीच.

सगळ्या गल्लीनं नेल्या. गच्च्या, कठडे, खिडक्यांचे कट्टे भरले. नदीकडून वारा येत होता, छान वाटत होतं. मीही पिंजूची छोटी गादी न्यायला आत आले, तर ती त्या गादीवरच पालथी झोपून गेलेली, एक गाल चेपलेला. तिला उठवायची माझी छाती झाली नाही. तेवढी एक गादी घरात राहिली.

त्या रात्री गल्लीला गाढ झोप लागली. उन्हात तापलेल्या गादीवर लागतेच.

सकाळी गाडी परत आली. या वेळी ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, आणि वाक्यं पूर्ण ऐकू आली. उन्हात घालू नका. बाहेरून काही आत आणू नका. कोरडं झाडू नका. काहीही झटकू नका. ओल्या फडक्यानं पुसा. बाहेर राहिलेलं अंथरूण-पांघरूण वेगळं ठेवा, पथक येऊन घेऊन जाईल.

मग गल्लीतले सगळे आमच्या दाराकडे बघायला लागले.

समोरच्या दुकानातले सायकलवाले काका काही झालं तरी कोटी सोडत नाहीत. घर जळत असेल तर आधी विडी पेटवून घेतील. ते म्हणाले, “आजी, ‘ध’चा ‘मा’ झालेला ऐकला होता. ‘नका’चा ‘चला’ करणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”

लोक हसले. सासूबाईही हसल्या. मग आत येऊन त्यांच्या जागेवर बसल्या, दाभण हातात घेतलं आणि दोरा न ओवताच कापडात खुपसत राहिल्या. आत, बाहेर. आत, बाहेर.

पथक काही येईना. नदीकाठची गावं आधी, मग शहर, मग आम्ही, असं कळत होतं. घराघरांत गाद्या भिंतीला टेकून उभ्या, नकोशा पाहुण्यासारख्या, आणि माणसं फरशीवर. मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. उंबरठ्यावर ओलं फडकं. पाळण्याचे गज पुसले, दोऱ्या पुसल्या, पिंजूचा खुळखुळा पुसला, पुसलेलं फडकं धुतलं, धुतलेल्या पाण्याचं काय करायचं ते कळेना म्हणून बादलीपाशी उभी राहिले. दवाखान्यात फोन लावला तर बाई म्हणाल्या, बाळाला अंगावर पाजत राहा, घाबरू नका. त्यांचंही ‘नका’ शेवटीच. पाजताना माझा पाय हलत होता. पिंजूनं दूध सोडून माझ्या गुडघ्याकडे बघितलं, हे कोण मधेच करतंय म्हणून.

आणि मग सासूबाईंनी दोरा ओवला.

“मी बोलले, मी निस्तरीन,” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “आणा सगळ्या गाद्या. एकही दमडी नको. पिंजून देते. धूळच आहे ना? धूळ काढण्यात आमचा जन्म गेलाय.”

लोकांना काय, हायसंच वाटलं. फरशीवर झोपून पाठी धरल्या होत्या. दुपारपर्यंत दुकान छतापर्यंत भरलं. जिन्यात गाद्या, मशीनवर गाद्या. उद्या सकाळी सुरुवात करायची असं ठरलं.

नवरा वर जेवायला आला तेव्हा मी विचारलं, “पिंजणं म्हणजे काय रे?”

“आता काय, धंद्याची तोंडी परीक्षा?”

“सांग ना.”

“गठ्ठे झालेला कापूस सोडवायचा. मोकळा करायचा.”

“आणि धूळ?”

“ती निघते.”

“निघून जाते कुठे?”

त्यानं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मी पिंजूची मूठ उघडून त्याच्यापुढे धरली. तान्ह्या मुलांच्या मुठीत काय काय साठतं ते आयांना माहीत असतं. पिंजूच्या मुठीत कापूस असतो. खाली मशीन चाललं की जिन्याचं दार लावा, पडदा सोडा, काही करा, संध्याकाळी तिच्या बोटांच्या बेचक्यांत, कानामागे, मानेच्या वळीत बारीक कापूस सापडतोच. रोज मी तो ओल्या बोटानं टिपून काढते. मशीन इतके दिवस बंद होतं, तरी आजही एक तंतू निघाला, जुना.

“झटकू नका म्हणाले ना ते?” मी म्हटलं. “तुझं मशीन दुसरं काय करतं? एकदा झटकलं तर चालत नाही, आणि आपण हजारदा झटकणार. सगळ्या गल्लीच्या गाद्या. हिच्या पाळण्याखाली.”

“मी तोंडाला फडकं बांधीन.”

“हिच्या तोंडाला बांधशील?”

तो खिडकीकडे बघत राहिला. लाकडी झडपा बंद, फटींना चिकटपट्टी, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

“आईला सांगायचं कुणी?”

“तुझी आई आहे.”

“म्हणून तर म्हणतोय,” तो म्हणाला.

मग मीच गेले. सासूबाई गाद्यांच्या मधल्या बोळात स्टूल टाकून बसल्या होत्या. कुठली गादी कुणाची ते खोळीवर खडूनं खूण करत होत्या. सायकल, पाव, कात्री, चष्मा. त्यांना लिहिता येतं, पण गिऱ्हाइकाला गल्लीत ज्या नावानं ओळखतात तीच खूण त्या काढतात.

“आई, हे नको करूया.”

“बस इथे. ही बाजू धर.”

“आई, पिंजूसाठी म्हणतेय.”

“तिला घेऊन वर बस. दार लावून घे.”

“त्या दाराला फटी आहेत.”

“ओली फडकी लाव. नाहीतर चार दिवस माहेरी…” आणि तिथे त्या थांबल्या. माझं माहेर नदीपल्याड, वीजघराच्या बाजूला. तिथली माणसं पहिल्याच दिवशी बसमध्ये घालून काढली. माझे आई-बाबा कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर आहेत. सासूबाईंनी खडू खाली ठेवला. “पोरी, माझ्या एका शब्दावर माणसं त्या धुळीवर झोपली. चष्मेवाल्याकडची दोन्ही पोरं झोपली, लहानगा तर तोंड गादीत खुपसून झोपतो, मला ठाऊक आहे, तिथे खळगा पडलाय. आणि मी आता हात झटकून मोकळी होऊ?”

“झटकू नका असंच तर सांगतायत, आई.”

त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही.

“काय व्हायचं ते माझ्या अंगावर होऊ दे,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या एकटीच्या…” मी म्हणायला गेले, पण त्या उठल्या आणि पुढच्या गादीवर कात्रीचं चित्र काढायला लागल्या. वाक्य तोंडातच राहिलं. आमच्या घरात वाक्यं पुरी होण्याचा जमाना गेला होता बहुतेक.

सकाळी पिंजू दुधासाठी उठली. तिला पाजून, खांद्यावर टाकून, ढेकर काढून मी पाळण्यात ठेवली आणि ओलं फडकं घेऊन खाली आले. सासूबाई मोरीत होत्या, नवरा अजून कूस बदलत होता. मशीनच्या मोटरवरून मोठ्या चाकाकडे एक चामडी पट्टा जातो. तो नसला तर मशीन म्हणजे लोखंडाचं कपाट. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्यानं मला तो चढवायला शिकवलं होतं. चाक हातानं उलटं फिरवायचं आणि पट्ट्याची कड अंगठ्यानं बाहेर ढकलायची. चढवायला त्यानं कौतुकानं शिकवलं, उतरवायला मी त्याच दिवशी आपली आपण शिकले.

पट्टा पुसला, परत पुसला. दुमडून कवेत घेतला, पिंजूपेक्षा जडच. वर आणला आणि घराकडे बघत उभी राहिले. कपाटात ठेवला तर सापडेल. धान्याच्या डब्यात मावणार नाही. मग दिसला पाळणा. सबंध घरात एकच जागा अशी, जिथे हात घालण्याआधी प्रत्येक माणूस दोनदा विचार करतो. मी पिंजूला एका हातावर उचललं, तिच्या गादीखाली पट्टा सपाट पसरला, वर चादरीची घडी, वर गादी, वर पिंजू. ती कुरकुरली. माझ्याकडे रागानं बघितलं. मी पाळणा हलवत राहिले, बोट तिच्या तोंडाशी दिलं आणि म्हटलं, “थोडा वेळ गं माझे आई. थोडाच वेळ.”

खाली माणसं जमायला लागली. मग नवऱ्याची हाक आली, “चला, पिंजू!” सवयीनंच आली, त्याच्याही नकळत. पाळण्यात पिंजूनं पाय झाडला. खाली त्यानं खटका ओढला. मोटर नुसतीच घूं करून राहिली.

“पट्टा कुठाय?”

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले. नवऱ्यानं वर बघितलं. माझ्या मनगटाला काळं तेल लागलं होतं, मला तेव्हाच दिसलं, त्यालाही दिसलं. मी हात पदरात घेतला.

“उंदरानं… उंदरानं नेला असेल,” तो लोकांना म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही, त्यामुळे भलतंच बोलतो.

“उंदीर म्हणजे घोड्याएवढा हवा रे तो!” सायकलवाले काका म्हणाले. “काही हरकत नाही. माझ्या माळ्यावर पिठाच्या चक्कीचा एक पट्टा पडलाय. रुंदीला बसेल. आणतो.”

आणि ते खरंच निघाले. कोटी करणारा माणूस एकदाच कामाचं बोलला, तो नेमका आज.

तेवढ्यात पिंजू रडायला लागली. मी वळेपर्यंत सासूबाई माझ्या बाजूनं जिना चढून गेल्याही होत्या. नातीच्या रडण्याला त्यांना गुडघेदुखी आठवत नाही. “काय झालं माझ्या सोन्याला? ओली झाली का?” त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात, त्यांच्या रीतीप्रमाणे, गादीवर फिरवला.

तो तळवा मी रोज बघते. गादीवरून असा जातो, जसा कुणी चेहऱ्यावरून हात फिरवावा. तो मधोमध थांबला. मागे आला. परत थांबला.

त्यांनी गादीची कड उचलली. चादरीची घडी उचलली. पिंजू त्यांच्या खांद्यावरचं लुगडं चोखत होती.

“हिला टोचलं नाही?”

“मधे चादर घातली होती.”

“तरी टोचलं असणार. म्हणून रडली.” त्यांनी पिंजूची पाठ उघडी करून बघितली. कमरेपाशी एक लालसर रेघ उठली होती. त्यावरून बोट फिरवलं. या पोरीच्या अंथरुणाखाली मी शिवणीची गाठसुद्धा राहू देत नाही, टाका जाड आला तर सासूबाईंनाच उसवायला लावते, आणि त्या कुरकुर न करता उसवतात.

“हिच्याखाली घातलंस तू,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“एवढी भ्यालीस?”

“हो, आई.”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं होतं.”

त्यांनी पिंजूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “हो. सांगितलं होतंस,” त्या म्हणाल्या. “मी शेवटपर्यंत ऐकलं नाही.”

खालून सायकलवाल्या काकांचा आवाज आला. “आजी! बसतोय बरं का पट्टा! मापानं कापलाय जसा! या, चला!”

सासूबाईंनी पिंजूला माझ्या हातात दिलं. खुंटीवरचं फडकं बादलीत बुडवून पिळलं, डोक्याला आणि नाकातोंडाला घट्ट बांधलं. जिन्याच्या तोंडाशी थांबून, मागे न बघता म्हणाल्या, “तो पट्टा काढ तिथून. गादी ओली झालीय, चामडं खराब होईल.”

मग त्या खाली गेल्या. काय बोलल्या ते मला नीट कळलं नाही, नवऱ्याचा आवाज मधेमधे येत होता, काकांचा वाढला आणि उतरला. कुणीतरी म्हणालं, आता या गाद्यांचं करायचं काय मग, आम्ही झोपायचं कशावर? आणि चष्मेवाल्याची बायको असावी, ती रडत होती, आजी, माझ्या पोरांचं काय, झोपली ना ती.

दुकानाचं दार ओढल्याचा आवाज झाला. कुलूप लागलं. मग त्यांची हाक गल्लीत गेली. मी पिंजूला घेऊन बंद खिडकीशी उभी राहिले, चिकटपट्टीला कान लावून.

“नका!” त्या ओरडल्या. फडक्यातूनही आवाज खणखणीत. “नका! गाद्यांना हात लावू नका! नका! कुणी झटकू नका! गादीवाली आजी सांगतेय, त्या दिवशी चुकलं माझं! नका! पथक येईपर्यंत दुकान उघडू नका!”

“आजी, ऐकलं हो!” काकांचा आवाज. “कितीदा सांगाल?”

“मोजू नका!”

गल्लीत कुणीतरी हसलं, एकच जण, आणि लगेच थांबलं. सासूबाई पुढे चालल्या होत्या. प्रत्येक दाराशी थांबत होत्या, आवाज थांबायचा आणि पुन्हा निघायचा. आधी ‘नका’, मग काय ते. वाक्याचं डोकं आणि शेपूट दोन्हीकडे तोच शब्द, कुणी कुठूनही तोडलं तरी हाती तोच यावा. बेकरीपाशी पोचल्या. तिथून पलीकडचा रस्ता लागतो. तिथेही आमची गिऱ्हाइकं आहेत.

“नका! पिंजू नका! घरच्या घरी काठीनंसुद्धा पिंजू…”

त्या वळल्या आणि आवाज भिंतीआड गेला.

पिंजूनं माझ्या खांद्यावरून मान उचलली. बाहेरून कुणीतरी तिचं नाव घेतलं होतं. ती बंद खिडकीकडे बघून हसली, चिकटपट्टीवर हात आपटला, आणि शिंकली.

मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि दुसरी शिंक येते का, ऐकत उभी राहिले.